ऑक्टोबरमध्ये गावाच्या पाण्याचा ताळेबंद कसा मांडायचा

प्रश्न थोडक्यात असा: अवर्षणप्रवण भागातलं गाव, क्षेत्र सुमारे 1000 हेक्टर, लोकसंख्या 1500. समतल चर, माती नाला बांध, खोलीकरण अशी पाणी अडवायची-जिरवायची सगळी कामं झाली, तरी मार्च लागला की विहिरी तळ गाठतात. गावातला गट यंदा पाण्याचा ताळेबंद, म्हणजे पाणी जमा किती आणि लागणार किती याचा हिशेब, मांडायचं म्हणतोय. सुरुवात कुठून करावी?

सुरुवात तारखेपासून करा. ताळेबंद 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत किंवा फार तर त्या आठवड्यात गावासमोर यायला हवा. कांद्याचं रोप टाकून झालं, हरभऱ्याचं बी घरात आलं, की आकड्यांना कुणी विचारत नाही. बहुतेक गावांत हिशेब बरोबर असतो, फक्त डिसेंबरात मांडलेला असतो.

एकक टीसीएम धरा. 1 टीसीएम म्हणजे 1000 घनमीटर, 10 लाख लिटर. सभेत मात्र 10 हजार लिटरचे 100 टँकर असं सांगा, लगेच कळतं. दुसरं सूत्र: 1 हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 हजार लिटर.

पाऊस स्वतः मोजलेला असावा. महसूल मंडळाचं स्वयंचलित हवामान केंद्र काही किलोमीटरवर असतं आणि आपल्याकडचा पाऊस एका शिवारात पडतो, शेजारच्यात नाही. साधं पर्जन्यमापक चालतं, पण भांडं वरपासून खालपर्यंत सरळ हवं. निमुळती बाटली चुकीचा आकडा देते. झाड किंवा भिंत जितकी उंच, तिच्या निदान दुप्पट अंतरावर ठेवा आणि रोज सकाळी साडेआठला नोंद करा. शाळेवर सोपवलंत तर सुट्ट्यांत कोण बघणार हे आधी ठरवा.

आता विहिरी. शिवाराचा माथा, मध्य आणि पायथा मिळून आठ-दहा विहिरी निवडा. कठड्यावर ऑइल पेंटने खूण करा, ओळंबा बांधलेली टेप दर वेळी तिथूनच सोडा आणि कठड्याची जमिनीपासूनची उंची वजा करा. मे अखेर एकदा आणि सप्टेंबर अखेर एकदा मोजायचं. इथे हमखास चूक होते ती शेतीच्या लाइटच्या पाळीमुळे (एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री). रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळी सातला टेप सोडली तर विहीर नुकतीच उपसलेली असते, पातळी मीटर-दोन मीटर खाली दिसते. दिवसपाळीच्या आठवड्यात, मोटर सुरू व्हायच्या आत मोजा.

मग भूगर्भात किती जमा झालं ते दोन वाटांनी काढा. समजा 460 मिमी पाऊस झाला. डोंगराळ, तीव्र उताराची 200 हेक्टर जमीन सोडली तर 800 हेक्टरवर 3680 टीसीएम पाणी पडलं. भूजल मूल्यांकनाच्या प्रचलित निकषांत झिजलेल्या बेसाल्टमध्ये (आपला काळा कातळ) पावसाचा 7 टक्के भाग मुरतो असं धरतात, सच्छिद्र आणि भेगाळलेल्या बेसाल्टमध्ये 13 टक्के. म्हणजे 258 ते 478 टीसीएम. आपला खडक कोणता, हे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात विचारा.

दुसरी वाट पातळीची. या खडकाची पाणी देण्याची क्षमता साधारण 1 ते 3 टक्के, म्हणून 2 धरतात. विहिरींची पातळी सरासरी 2.2 मीटर चढली असेल तर 800 हेक्टर × 2.2 × 0.02, म्हणजे 352 टीसीएम. हे 2 टक्के सभेत फोड करून सांगाच: एक हेक्टराखालची पातळी पूर्ण एक मीटर चढली, तरी हाती आलेलं पाणी फक्त 2 लाख लिटर. डोळ्यांना विहीर तुडुंब दिसते, खडकात मात्र तेवढंच असतं. ती मार्चमध्ये का आटते याचं निम्मं उत्तर इथे आहे.

दोन वाटांचे आकडे जुळत नाहीत, जुळणारही नाहीत. सगळ्यात कमी असेल तो धरा, इथे 258. 258 मधून नाल्याच्या नैसर्गिक प्रवाहासाठी 10 टक्के सोडा, उरतात 232. पिण्या-वापरण्याला माणशी रोज 55 लिटर धरले तर वर्षाला 30 टीसीएम. 600 मोठी जनावरं आणि 1000 शेळ्या-मेंढ्यांना मिळून 13. शेतीला राहिले 189. खरिपात विहिरीचं पाणी दिलं असेल तर तेही यातूनच वजा करा.

भारी जमिनीत ओल असताना रब्बी ज्वारी किंवा हरभऱ्याला पाण्याच्या दोन पाळ्या द्यायला हेक्टरी दीड टीसीएम लागतं, कांद्याला पाच-सहा, मोकाट पाण्यावरच्या उसाला वीसच्या आसपास. म्हणजे 189 टीसीएममध्ये ज्वारी-हरभरा सव्वाशे हेक्टर, नाहीतर कांदा 34, नाहीतर ऊस नऊ हेक्टर. अख्ख्या गावाचं वर्षभराचं पिण्याचं पाणी दीड हेक्टर ऊस पितो. फळबागांचं पाणी यातून आधी काढून ठेवा, कारण डाळिंब एक वर्ष रिकामं ठेवता येत नाही.

मागणीची बाजू सातबाऱ्यावरून भरू नका. शिवारफेरी काढा आणि पडताळ्याला मोटरी मोजा. 200 लिटरचा ड्रम 25 सेकंदांत भरला तर सेकंदाला 8 लिटर, आठ तासांत 2 लाख 30 हजार. अशी एक मोटर चार-साडेचार दिवसांत 1 टीसीएम उपसते. चालू मोटरी गुणिले दिवस केलं, की कागदावरचं क्षेत्र किती खोटं ते दिसतं.

हिशेब फुगतो तो तीन ठिकाणी. बंधाऱ्यात मुरलेलं पाणी विहिरीच्या पातळीत आलेलंच असतं, ते पुन्हा जमेला धरू नका. दुसरं, प्लॅस्टिक अस्तराची शेततळी. ती पावसाने भरली असतील तर जमा, विहिरीतून भरली असतील तर तो उपसा. 30 × 30 × 3 मीटरच्या तळ्यात सुमारे 2.2 टीसीएम बसतं आणि मेपर्यंत साठवलं तर त्यातलं जवळपास निम्मं उन्हात जातं. मला विचाराल तर विहिरीतून शेततळं भरणं हा सगळ्यात महागडा उपसा आहे. तिसरं, ठिबक. पाणी वाचतं हे खरं, पण त्याच पाण्यावर क्षेत्र वाढवलं तर गावाच्या खात्यात बचत शून्य.

बोअरचं पाणी जमेत धरूच नका. खोलवरचा साठा वेगळा असतो आणि भरायला वेळ घेतो. राज्याच्या भूजल अधिनियमात 60 मीटरपेक्षा खोल ती खोल विहीर मानली आहे, सभेत हा आकडा उपयोगी पडतो.

नियम दोन-तीनच ठेवा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, अशा मोजक्या बंधनांनी गावाचं पाणी टिकलं. पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने 1972 च्या दुष्काळानंतर पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, डोक्यांवर ठरवला: माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं, भूमिहीनांनाही हक्क, ऊस बंद. डोक्यांवर वाटप आजच्या बोअरच्या गावांत जड जाईल, पण उन्हाळी पिकाची मर्यादा आणि पिण्याच्या विहिरीच्या परिसरात नवं खोदकाम नाही, या दोन गोष्टींवर एकमत होतं. सभेला बोअरवाले येत नाहीत ही नेहमीची रड. ताळेबंद आधी त्यांच्या वस्तीवर जाऊन दाखवा. पाणी भरणाऱ्या बायका सभेत असतील तर पिण्याचे 30 टीसीएम कुणी कापत नाही.

शेजारच्या गावांनाही धरा. पाणलोटाची हद्द आणि भूजलाची हद्द एक असेलच असं नाही. वरच्या गावाने उपसा वाढवला की तुमच्या माथ्याच्या विहिरी आधी बोलतात. एकाच ओढ्यावरची चार-पाच गावं महिन्याला पातळ्या एकमेकांना कळवू लागली, तर भांडण मार्चऐवजी डिसेंबरात होतं आणि तेव्हा मिटवता येतं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात त्याच विहिरी, त्याच खुणेवरून पुन्हा मोजा. पातळी हिशेबापेक्षा अर्ध्या मीटरने जास्त उतरली असेल तर उन्हाळी भुईमूग, मका, चाऱ्याचं क्षेत्र तेव्हाच कापायचं, आणि हा ठराव ऑक्टोबरच्या सभेतच लिहून घ्यायचा.