लिव्हरसाठी साखर सोडली, आता गूळ चालेल का?

नाही चालणार. गूळ नाही, मध नाही, काकवी नाही, खजुराचं सिरप तर अजिबात नाही.

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की सोनोग्राफीत ग्रेड १ फॅटी लिव्हर (यकृतात चरबी साठण्याचा पहिला टप्पा) निघालं, दारूला आयुष्यात कधी हात लावलेला नाही, सासूबाईंनी साखरेचा डबा माळ्यावर ठेवून गुळाचा चहा सुरू केलाय, तर हे बरोबर आहे का आणि फरक किती दिवसांत दिसेल. यातलं दारूचं वाक्य वाचलं आणि मी हातातलं काम ठेवून लिहायला बसले. हेच वाक्य माझ्या वडिलांनी किती जणांना सांगितलं असेल, आणि किती जणांनी ते ऐकून नुसती मान हलवली असेल.

आमचं गाव करवीर तालुक्यात. घरचं गुऱ्हाळ होतं, आजोबांच्या काळापासूनचं. ज्यांनी गुऱ्हाळ जवळून बघितलंय त्यांना सांगायला नको, हंगामात चुलवाण रात्रंदिवस पेटलेलं असतं आणि तिथं येणारा माणूस तोंड गोड केल्याशिवाय परत जात नाही. रसाचा तांब्या, वाफ्यातला कोमट गूळ, काकवी, ज्याला जे हवं ते. पैसे घ्यायची पद्धतच नाही. आबा, म्हणजे माझे वडील, दिवसभर तिथेच. येणाऱ्याबरोबर अर्धा तांब्या रस, गुळव्याबरोबर, म्हणजे गूळ बनवणाऱ्या कारागिराबरोबर, चहा, पाक बघताना बोटावरचा गूळ तोंडात, जेवण झालं की खडा. चहा आमच्याकडं घट्ट गोड. हे कुणाला जास्त वाटतच नव्हतं, कारण सगळं गावच असं खात होतं.

आबा माळकरी. मटण नाही, तंबाखू नाही, दारूच्या दुकानासमोरची वाट टाळून लांबून जाणारा माणूस. दरवर्षी आषाढीला चालत पंढरपूर. एकदा पोटात दुखतंय म्हणून शहरातल्या एका दवाखान्यात नेलं. खडे असतील असं वाटलं होतं. खडे नव्हते, फॅटी लिव्हर निघालं, ग्रेड २, आणि एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारा घटक, वाढलेलं. डॉक्टरांनी रिपोर्टवरून नजर न उचलता विचारलं, "रोज किती घेता?"

आबा म्हणाले, "माळकरी हाय मी, डॉक्टरसाहेब."

"सगळे असंच सांगतात. खरं सांगा, इथं बायकोच आहे तुमची."

आई शेजारी बसली होती. आबांनी गळ्यातली माळ शर्टाच्या बाहेर काढून दाखवली. साठीच्या जवळ आलेला माणूस, ज्याच्या शब्दावर गावात जमिनीचे व्यवहार ठरायचे, तो एका खोलीत पुरावा म्हणून माळ दाखवत होता. डॉक्टरांनी कागदावर "दारू पूर्ण बंद" असं लिहिलं आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. साखरेचं, रसाचं, वजनाचं, पोटाच्या घेराचं एक अक्षर विचारलं नाही.

तो कागद घरातल्या कुणी बाहेर दाखवला नव्हता, तरी गोष्ट भावकीत पोचली. आबा चोरून घेतात. लिव्हर उगीच खराब होतंय का कुणाचं? भजनात कुणीतरी बोलून गेलं की माळ घालून असले उद्योग करू नयेत. त्यानंतर आबांनी वीणा हातात घेणं सोडलं, मागं खांबापाशी जाऊन बसायला लागले. आणि कुठल्याच डॉक्टरकडं जायचं नाही म्हणून अडून बसले. पुढची काही वर्षं एक रक्ततपासणी झाली नाही. या वर्षांचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही, म्हणून इतकं सविस्तर लिहितेय.

दारू न पिणाऱ्यांना हा आजार होतो, हे काही काल-परवा कळलेलं नाही. १९८० साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या लुडविग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा २० रुग्णांबद्दल लिहिलं होतं. यकृताचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघितला तर थेट दारुड्याचा वाटावा, आणि माणूस दारू पिणारा नाही. बरेचसे लठ्ठ होते, काहींना मधुमेह होता. आपल्याकडं केंद्र सरकारनं २०२१ मध्ये हा आजार मधुमेह, कर्करोग, हृदयविकारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला. म्हणजे माझ्या वडिलांना "सगळे असंच सांगतात" म्हणणाऱ्या माणसाला हे माहीत असायला हवं होतं. तुमच्या रिपोर्टवर एनएएफएलडी किंवा एमएएसएलडी असं काही लिहिलं असेल तर गोंधळू नका. आजार तोच आहे, २०२३ मध्ये नाव बदललं.

आता गुळाचं. हा वाद आमच्या घरात तात्यांशी, म्हणजे आबांच्या धाकट्या भावाशी, झाला आणि तो मिटलेला नाही. तात्या भावासाठी सगळ्या भावकीशी भांडले, "माझा भाऊ दारू पीत न्हाई" असं पारावर उभं राहून सांगितलं, त्याबद्दल मी त्यांच्या पाया पडेन. पण मी साखरेचं नाव काढलं की म्हणायचे, "अगं पोरी, साखर वाईट म्हण, पटतंय. कारखान्याची हाय ती. गूळ आपला हाय. बाळंतिणीला देतोय आपण. गुळानं लिवर जातंय म्हणणारी तू पहिलीच भेटलीस."

मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. तात्यांना जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. साखरेचा एक रेणू म्हणजे एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज जोडलेलं. ग्लुकोज शरीरात सगळीकडं वापरलं जातं, स्नायू घेतात, मेंदू घेतो. फ्रुक्टोजचा बहुतेक भार यकृतावर पडतो. ग्लुकोजच्या वाटेवर एक टप्पा असा असतो की पेशीला पुरेशी ऊर्जा मिळाली की तो काम मंद करतो. फ्रुक्टोज त्या टप्प्याला वळसा घालून पुढं जातं, त्यामुळे यकृत ते घेतच राहतं आणि जास्तीच्या मालाची चरबी बनवतं. युरिक ॲसिडही त्यातूनच वाढतं. ही चरबी यकृतातच साठली की फॅटी लिव्हर.

गूळ कशाचा बनतो? त्याच उसाच्या रसाचा. रस आटवताना वर येणारी मळी काढली, बाकी सगळी साखर आतच राहिली. १०० ग्रॅम साखरेत ४०० च्या आसपास कॅलरी, गुळात ३८० च्या आसपास. थोडी खनिजं आहेत, थोडं लोह आहे, मान्य. पण त्या लोहासाठी जेवढा गूळ खावा लागेल तेवढ्यात यकृताचं काय होईल? लोह हवं असेल तर पालेभाजी आणि कडधान्यं खा. मधात तर फ्रुक्टोजचं प्रमाण ग्लुकोजपेक्षाही जास्त असतं. "रिफाइंड नाही" एवढं म्हटल्यानं यकृताला काहीही वेगळं कळत नाही.

याचा अर्थ गूळ वाईट असा नाही. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमच्या घरात पेढे वाटले होते, आणि ज्या धंद्यानं मला शिकवलं त्याला मी नावं ठेवणार नाही. पुरणपोळी गुळाचीच करा. पण तिळगूळ हा सणाचा पदार्थ आहे, औषध नव्हे, आणि साखरेच्या जागी तितकाच गूळ घालून "मी साखर सोडली" म्हणणं म्हणजे स्वतःची फसवणूक आहे. तुमच्या सासूबाईंना हे माझ्या नावानं सांगा. त्यांनी काळजीपोटीच केलंय, तेव्हा सांगायचं ते नीट शब्दांत.

किती खायची? जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलं की वरून घातलेली साखर, मध आणि फळांचे रस मिळून रोजच्या कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत हवेत, ५ टक्क्यांच्या आत राहिलं तर अधिक चांगलं. २००० कॅलरीच्या आहारात ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. सपाट चमचा ४-५ ग्रॅमचा धरा आणि तुमचा चहा मोजा. दोन चमच्यांचे तीन कप झाले की कोटा संपला, अजून बिस्किट बाजूलाच आहे. उसाच्या रसाच्या एका ग्लासात २५-३० ग्रॅम साखर असते, ३०० मिलीच्या कोल्ड्रिंकमध्येही ३० ग्रॅमच्या वर. ताजं फळ मी बंद करायला सांगत नाही. पेरू, संत्रं, सफरचंद चावून खाल्लं तर त्यात तंतू असतात, साखर हळूहळू येते. त्याच फळाचा रस काढून पिऊ नका.

आबांचं काय केलं ते सांगते. वारीच्या वाटेवर एका दिंडीत एक निवृत्त डॉक्टर भेटले, चालता चालता त्यांनी आबांचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गोड किती खाता, माऊली?" दारूचं विचारलंच नाही. आबा परत आले ते तपासणीला तयार होऊन. तोवर यकृताची तपासणी फायब्रोस्कॅनपर्यंत, म्हणजे यकृत किती कडक झालंय ते मोजण्यापर्यंत, गेली आणि त्यात थोडा कडकपणा दिसला. ती वाया गेलेली वर्षं नसती तर हा टप्पा आला नसता असं मी म्हणते. कुणी हे पटवून घेवो न घेवो.

रस बंद, कोल्ड्रिंक बंद, जेवणानंतरचा खडा बंद. चहा दोन वेळा, साखर आधी निम्मी, मग पाव, मग नाही. जीभ सरावते, पण सावकाश करावं लागतं. चहात साखरेऐवजी शुगर-फ्रीच्या गोळ्या टाकायच्या नाहीत हे मी ठरवलं होतं, कारण त्यानं गोडाची सवय तशीच राहते. वजन कमी करण्यासाठी त्या वापरू नयेत असं जागतिक आरोग्य संघटनेनंही २०२३ मध्ये म्हटलंय. सगळ्यात अवघड एकादशी. उपवासाच्या नावाखाली साबुदाणा, राजगिऱ्याचे लाडू, खजूर, केळी, वर साखर घातलेलं दूध. आई आता भगर आणि दाण्याची आमटी करते, सोबत ताक. वारीत तर पावलोपावली कुणीतरी हात धरून चहा देतं. आबा पाणी मागतात आणि सांगतात, "चहा नको माऊली, डॉक्टरची आज्ञा हाय." कुणी रागावत नाही. गुऱ्हाळाच्या दारात हे जमलं तर फ्लॅटमध्ये जमायला हरकत नसावी.

फरक कधी दिसेल हे विचारलंत. २०१९ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, फॅटी लिव्हर असलेल्या ४० किशोरवयीन मुलांवर. निम्म्यांना ८ आठवडे जवळजवळ बिनसाखरेचं जेवण दिलं. त्यांच्या यकृतातली चरबी २५ टक्क्यांवरून १७ वर आली, बाकीच्यांची २१ वरून २०. मुलं होती, जेवण घरपोच ठरवून दिलं होतं, तेव्हा आपण तेवढ्याच वेगाची अपेक्षा धरू नये. आबांचं एसजीपीटी काही महिन्यांत उतरलं, सोनोग्राफीतला बदल त्याच्या बऱ्याच नंतर दिसला. तुमचं वय, वजन, शुगर काही लिहिलेलं नाही, त्यामुळे तारीख मी देऊ शकत नाही.

काही गोष्टी राहिल्या. साखर हा एकटाच गुन्हेगार नाही. भाताचा डोंगर, मैदा, तळण, बैठं काम आणि पोटाचा घेर सगळे त्यात आहेत. वजन जास्त असेल तर ५ टक्के उतरलं तरी यकृतातली चरबी कमी व्हायला लागते, सूज जायला ७ ते १० टक्के लागतात. बारीक माणसालाही हा आजार होतो, आपल्या लोकांत तर होतोच. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर गोड एकदम बंद करू नका, शुगर फार खाली जाऊ शकते, आधी डॉक्टरांना सांगा. आणि कुणाला सिरोसिसपर्यंत, म्हणजे यकृत कडक होऊन निकामी होत जाण्यापर्यंत, आजार गेलेला असेल तर उपाशी राहणं, प्रथिनं तोडणं हे उलट घातक आहे, त्यांचा आहार तज्ज्ञानंच ठरवायचा. लिव्हर साफ करणाऱ्या पावडरी आणि काढे यांवर रुपयाही घालवू नका. तात्यांनी आबांसाठी मध घालून गुळवेलीचा काढा आणला होता, मी तो घेऊ दिला नाही. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवले होते. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य नव्हता, पण आधीच दुखावलेल्या यकृतावर प्रयोग कशाला?

तात्या हे वाचणार आहेत, माझा भाचा त्यांना वाचून दाखवतो. तात्या, तुमच्या गुळावर माझा राग नाही. पण पुढच्या महिन्यात आबांच्या तपासणीला जाऊ तेव्हा तुम्हीपण उपाशीपोटी या, तुमचंही रक्त तपासून घेऊ.

आणि तुम्हाला, प्रश्न विचारणाऱ्यांना: एसजीपीटी, एसजीओटी (हीसुद्धा यकृताचीच तपासणी), प्लेटलेट, उपाशीपोटीची शुगर आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) करून घ्या, ग्रेड १ म्हणून फाइल कपाटात टाकू नका. डॉक्टरांनी दारूचं विचारलं तर तो त्यांचा हक्क आहे, खरं उत्तर द्या. एकदा दिलेल्या खऱ्या उत्तरावर त्यांनी विश्वास ठेवला नाही, तर त्याच दिवशी दुसरा डॉक्टर शोधा.