रो हाऊसचं नूतनीकरण: ३४ लाखांच्या कोटेशनमध्ये काय नाही?

प्रश्न: कर्वेनगरला आमचं रो हाऊस आहे. वडिलांनी १९८७ साली घेतलेलं, खाली-वर मिळून साधारण १,३०० चौरस फूट. वडील २०१९ मध्ये गेले, मृत्युपत्र नव्हतं. घर अजून त्यांच्याच नावावर आहे, पण इंदूरच्या बहिणीचं काही म्हणणं नाही. घरात मी, पत्नी, आई (वय ८१) आणि कॉलेजात शिकणारी मुलगी. माझं वय ५५, साठाव्या वर्षी निवृत्ती. पगार हातात १ लाख १० हजार, घरखर्च ६२ हजार, एसआयपी २० हजार. एफडी १६ लाख, इक्विटी म्युच्युअल फंड ३१ लाख, पीएफ ४२ लाख. इंटिरियर डिझायनरने घर ‘मॉडर्न’ करण्याचं ३४ लाखांचं कोटेशन दिलंय. एफडी मोडून १६ लाख आणि दहा वर्षांसाठी १८ लाखांचं कर्ज, असा विचार आहे. कर्जामुळे करही वाचेल असं मित्र म्हणतो. बरोबर आहे का? की विकून बाणेरला नवा फ्लॅट घ्यावा?

उत्तर: कोटेशन आणि घराचे फोटो सोबत पाठवलेत ते फार बरं केलंत. किचन साडेपाच लाख, वॉर्डरोब आणि फर्निचर ११, फॉल्स सीलिंग नि लाइट ३, फरशी साडेचार, दोन बाथरूम साडेतीन, रंग अडीच, भिंत पाडून किचन मोकळं करायला दीड, मोबाइलवरून दिवे-पंखे चालवायला आणखी दीड आणि डिझायनरची फी १ लाख. झाले ३४. चाळिशीला टेकलेल्या घराच्या या यादीत वायरिंग नाही, पाण्याच्या पाइपलाइनी नाहीत आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंगही नाही. तुमच्याच फोटोत वरच्या खोलीच्या छताचे पोपडे दिसतायत. त्यावर फॉल्स सीलिंग ठोकलं, तर गळती थांबणार नाही, फक्त दिसायची बंद होईल.

शेवटच्या पानावर बारीक अक्षरात ‘टॅक्सेस एक्स्ट्रा’ असंही आहे. १८ टक्के जीएसटी धरला तर ६ लाख १२ हजार. वायरिंग, पाइप आणि गच्ची यांना माझ्या अंदाजाने ६ लाख लागतील, प्रत्यक्ष कोटेशन वेगळं घ्या. काम सुरू असताना आईंना धुळीत ठेवता येणार नाही, म्हणजे पाच महिन्यांचं भाडं आणि सामानाची ने-आण, १ लाख ८० हजार. बेरीज ४७ लाख ९२ हजार. जुनं घर उकरल्यावर जे निघतं त्यासाठी दहा टक्के बाजूला ठेवले की ३४ म्हणता म्हणता ५२ च्या पुढे जाता.

पण पैशांच्या आधी नावाचं बघू. ‘बहिणीचं काही म्हणणं नाही’ हे वाक्य मी आजवर इतक्यांदा ऐकलंय की ते ऐकलं की पेन खाली ठेवतो. वडिलांनी स्वतः घेतलेलं घर आणि मृत्युपत्र नाही, म्हणजे हिंदू वारसा कायद्यानुसार आई, तुम्ही आणि बहीण यांचा प्रत्येकी एक तृतीयांश वाटा. मालमत्ता कराच्या पावतीवर तुमचं नाव असलं किंवा सोसायटीत नॉमिनी म्हणून तुम्ही असलात तरी त्याने मालकी ठरत नाही. आज तुम्ही ५० लाख घातलेत तर ते दुसऱ्यांच्या दोन तृतीयांश घरातही घालताय. शिवाय बँक सगळ्या वारसांच्या सह्या मागणार, त्यामुळे हा विषय टाळता येणारच नाही.

बहिणीने राजीखुशीने, मोबदला न घेता हक्कसोड पत्र करून दिलं तर मुद्रांक शुल्क नाममात्र असतं, पण ते नोंदणीकृत हवं. फोनवर नको, इंदूरला जाऊन बोला. त्यांना काही रक्कम द्यावी असं मनात असेल किंवा त्यांच्या मनात असेल, तर ती आत्ताच ठरवा. मग शुल्काचा हिशेब बदलतो आणि ती रक्कमही याच बजेटात येते. आईंकडून मात्र हक्क सोडवून घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांचा वाटा त्यांच्या नावावर राहू दे, हवं तर त्यांनी मृत्युपत्र करावं. एक्क्याऐंशीव्या वर्षी राहत्या घरातलं नाव काढून घेणं मला पटत नाही. यात अर्थशास्त्र काही नाही, हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

दुसरी चौकशी सोसायटीत करा. रस्त्याला लागून असलेल्या जुन्या रो हाऊसवर बिल्डरांची नजर असतेच. जमीन सोसायटीच्या नावावर असेल आणि सभेत पुनर्विकासाचा विषय निघत असेल, तर महाराष्ट्रात २०१९ च्या शासन निर्णयानुसार ५१ टक्के सभासदांच्या संमतीने तो पुढे जाऊ शकतो. पाच-सात वर्षांत घर पाडलं जाणार असेल तर आज गच्चीची गळती बुजवा, रंग लावा आणि थांबा. प्लॉट स्वतंत्र तुमचाच असेल तर ही भीती बरीच कमी.

आता भिंत. किचन आणि हॉलमधली जी भिंत पाडायची म्हणताय ती वरच्या मजल्याचा भार घेते की नुसतीच आडोशाची आहे, हे डिझायनरने नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरने सांगायचं. रो हाऊसला शेजाऱ्याशी सामाईक भिंत असते, तुमचा बीम कुठे टेकलाय ते बघितल्याशिवाय घण उचलू नये. तीस वर्षांवरच्या इमारतींचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावं असं सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत (नमुना नियमावलीत) आहे. तुमच्याकडे एकदाही झालेलं दिसत नाही. फरशी उखडणं, गिलावा करणं वेगळं; रचनेला हात लावायचा तर महापालिकेची परवानगी लागते. गच्चीच्या बाबतीतही शेजाऱ्याशी बोला. दोन गच्च्यांमधल्या कठड्याखालून पाणी शिरत असेल, तर एकट्या तुमच्या बाजूने केलेलं वॉटरप्रूफिंग एका पावसाळ्यात वाया जाईल. पुढेमागे सोलर बसवायचं असेल तर त्याचे स्टँड वॉटरप्रूफिंगच्या आधी बसवून घ्या. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे.

हे सगळं मी एवढं घसा फोडून का सांगतोय? २०१४ साली आमच्याकडे हॉलमध्ये मोठ्या व्हिट्रिफाइड टाइल्स घातल्या. खालची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) पाइपलाइन ‘अजून दहा वर्षं काही होत नाही’ असं ठेकेदार म्हणाला आणि मलाही साठ हजार वाचवायचे होते. चौदा महिन्यांनी भिंतीच्या पायथ्याला ओल आली. सहा टाइल्स फोडल्या. आतून गंजलेल्या पाइपात करंगळीसुद्धा जात नव्हती. तोवर त्या बॅचच्या टाइल्स बाजारातून गेलेल्या. आजही आमच्या हॉलमध्ये एका कोपऱ्यात थोड्या वेगळ्या रंगाचा चौकोन आहे आणि त्यावर कायम सतरंजी असते. लोकांना पैशाचं नियोजन शिकवणाऱ्या माणसाच्या घरात.

म्हणून तुमचं काम मी दोन टप्प्यांत बसवलंय. पहिल्यात वायरिंग, पाइप, गच्ची ६ लाख, बाथरूम साडेतीन, साधं, टिकाऊ किचन ४, फरशी साडेतीन, रंग २. एकूण १९. त्यावर जीएसटी ३ लाख ४२ हजार, भाडं आणि ने-आण १ लाख ८० हजार, आणि अडीअडचणीला कामाच्या १५ टक्के, म्हणजे २ लाख ८५ हजार. सुमारे २७ लाख. फरशीत लाख वाचतो, कारण वरच्या मजल्याची मोझॅक फोटोत धडधाकट दिसतेय. तिला पॉलिश करून घ्या, नवी पोरं हल्ली तिच्यावर भाळतात. खालच्या बाथरूमला उंबरा नको, दार रुंद, आधाराला दांडे आणि न घसरणारी फरशी. आज ते आईंसाठी, पंधरा वर्षांनी तुमच्यासाठी. वॉर्डरोब, सीलिंग, मोबाइलचे दिवे दुसऱ्या टप्प्यात, कर्ज संपल्यावर किंवा बोनस आला तर. जुनी सागवानी कपाटं तोवर भंगारात घालू नका.

२७ लाख उभे कसे करायचे? एफडीतले १० घ्या, ६ राहू द्या; घरात ८१ वर्षांचं माणूस असताना गंगाजळी शून्यावर आणायची नसते. १२ लाख कर्ज. उरलेले ५ लाख म्युच्युअल फंडातून, थोडे मार्चमध्ये आणि थोडे एप्रिलमध्ये काढा. इक्विटी फंडाच्या दीर्घकालीन नफ्यावर दर आर्थिक वर्षाला सव्वा लाखापर्यंत कर नाही, त्यापुढच्या नफ्यावर साडेबारा टक्के. ती सवलत दोनदा मिळेल. पीएफला हात लावायचा नाही.

कर्ज पाच वर्षांचंच. ९ टक्के दर धरला तर १२ लाखांचा पाच वर्षांचा हप्ता साधारण २४,९०० रुपये आणि एकूण व्याज २ लाख ९५ हजार. तुमच्या १८ लाखांचा दहा वर्षांचा हप्ता २२,८०० आणि व्याज ९ लाख ३६ हजार. हप्त्यात फरक जेमतेम दोन हजारांचा. पण साठाव्या वर्षी, ऑफिसात शाल-श्रीफळ घेऊन घरी याल तेव्हा या १८ लाखांच्या कर्जाचे सुमारे ११ लाख बाकी असतील आणि पगार बंद झालेला असेल. तुमच्या हातात महिन्याला २८ हजार उरतात, त्यात २४,९०० ओढून-ताणून बसतात. एसआयपी थांबवून बसवू नका. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो, बोनस तिकडे वळवता येईल.

मित्राला सांगा की करबचत जवळपास शून्य. नव्या कररचनेत स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावरच्या व्याजाची वजावट नाही. जुन्या रचनेत दुरुस्ती-नूतनीकरणाच्या कर्जाला वर्षाला ३० हजारांचीच मर्यादा, आणि मुद्दलाच्या फेडीवर ८०सी ची वजावट मिळत नाही. ठेकेदार ‘बिल नको घेऊ, अठरा टक्के वाचतील’ म्हणेल, तरी पक्कं बिलच घ्या. बांधकामात कायमची भर घालणारा खर्च उद्या घर विकताना भांडवली नफ्यातून वजा होतो. रोख दिलेल्या पैशाला पुरावा नाही, आणि नळ गळला तर तक्रारीलाही जागा नाही. पैसे कामाच्या टप्प्याने द्या, शेवटचे दहा टक्के एक पावसाळा बघून.

बाणेरचा फ्लॅट? पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, पत्नीच्या एकटीच्या नावावर घेतलात तर ६. वर नोंदणी ३० हजार, दलाली, दरमहा मेंटेनन्स, आणि विक्रीवरचा कर. मुख्य म्हणजे आईंच्या ओळखीचा एकही जिना, एकही शेजारी तिथे नसेल. घराचा सांगाडा ऑडिटमध्ये फारच वाईट निघाला, तर पुन्हा लिहा, तेव्हा या पर्यायाकडे गंभीरपणे बघू.

क्रम सांगायचा तर आधी इंदूर, मग इंजिनिअर, मग बँक, मग डिझायनर. एका गोष्टीला मात्र यातल्या कशाचीच वाट पाहू नका. मीटरच्या फोटोत खाली पांढरे चिनी मातीचे फ्यूज दिसतायत, त्यातल्या एकाला तर साधी तांब्याची तार गुंडाळलेली आहे. याच आठवड्यात इलेक्ट्रिशियन बोलवा, अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (शॉक बसू लागताच वीज तोडणारा स्विच) बसवा. वायरिंग बदलेपर्यंत गिझर आणि इस्त्री एका वेळी लावू नका.