स्तनपान करताना रेबीजची लस घेतली तर बाळाला पाजणं बंद करावं लागतं का?

"दोन दिवस थांबून बघू का?" ही तुमच्या प्रश्नातली ओळ वाचली आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. थांबू नका, ताई. बाळ तीन महिन्यांचं, अंगावर पितंय, काल गल्लीतलं कुत्रं चावलंय आणि शेजारच्या काकू म्हणतात, इंजेक्शन घेतलंस तर महिनाभर पाजू नकोस. यात धोका फक्त लस न घेण्यात आहे. रेबीजची लक्षणं दिसायला लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

मी ठाण्यात कोपरीला राहते. मुलगी पाच महिन्यांची असताना भाजी घेऊन परतत होते, सोसायटीच्या गेटाशी कुत्र्याने मागून पोटरी धरली. सलवार फाटली नव्हती, त्यामुळे सासूबाई म्हणाल्या काही झालं नाही. वर करून बघितली तर दातांच्या दोन खुणा, एकीतून रक्त. वॉचमन चुना लावा म्हणत होता. नवऱ्याने मोरीत बसवलं आणि कपड्यांचा साबण लावून, घड्याळ बघत पंधरा मिनिटं पाय नळाखाली धरला. तुम्ही काल धुतलं नसेल तर आत्ता धुवा.

सरकारी दवाखान्यात केसपेपर काढल्यावर मी घाबरतच सिस्टरना सांगितलं की बाळ अंगावर पितं. त्या म्हणाल्या, "मग पाजा की. दंड पुढे करा."

या लसीतला विषाणू मेलेला असतो. तो ना आईच्या अंगात वाढतो, ना दुधातून बाळाला रेबीज देतो. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) टोचतात. त्यानेही पाजणं थांबत नाही. कुत्र्याने बाळाला चावलं-ओरखडलं नसेल, तर बाळाला लस लागत नाही.

तरी सासूबाईंच्या आग्रहाखातर एक रात्र मी दूध पिळून वाटीत काढून ओतून दिलं. पोर बाटली तोंडात धरेना, माझी छाती दगडासारखी. पहाटे चारला गुपचूप पाजलं. त्यांच्या डोक्यात पोटातली ती जुनी चौदा इंजेक्शनं होती, जी बंद होऊन दोन दशकं झाली.

काकूंनाही मी दोष देणार नाही. कोविडच्या लसीला जानेवारी २०२१मध्ये स्तनदा मातांना नाही म्हटलं, कारण चाचण्यांत त्यांना घेतलंच नव्हतं. १९ मे २०२१ला परवानगी आली, पण लोकांच्या लक्षात 'नाही'च राहिलं. खरंच जपावं लागतं ते पीतज्वराच्या (यलो फीवरच्या) लसीबाबत. तिच्यातला विषाणू जिवंत असतो आणि दुधातून तान्ह्या बाळाला त्याची लागण झाल्याच्या नोंदी आहेत. पण ती आफ्रिकेत वगैरे जाणाऱ्यांना लागते, तुम्हाला नाही.

सरकारीत बहुधा दोन्ही दंडांवर कातडीत टोचतात: ०, ३, ७ आणि २८व्या दिवशी (० म्हणजे पहिल्या डोसचा दिवस). खासगीत स्नायूत देतात, तेव्हा १४वा दिवसही असतो. कमरेवर घेऊ नका. मला दुसऱ्या डोसनंतर कणकण आली होती, पॅरासिटामॉल घेतली, तीही पाजताना चालते. तारखा केसपेपरवर लिहून घ्या आणि कागद फ्रिजवर चिकटवा. माझा एकदा डायपरच्या पिशवीत गेला होता.

आता बाळाला पोटभर पाजून निघा, रांग लांब असते.