कार्तिकात कंद फोडताना: वाचकांचे प्रश्न

गोव्यात ठोंब फोडून पुन्हा लावण्याचे दोनच हंगाम: पहिल्या पावसाच्या तोंडावर, नाहीतर कार्तिकात. कार्तिकात जमिनीत ओल असते आणि ताज्या कापावर पाऊस पडत नाही, हा मोठा फायदा. पण पुढच्या जूनपर्यंतचे सगळे पाणी तुम्हालाच घालायचे असते. तेवढी सोय नसेल तर मे अखेरपर्यंत काही हलवू नका.

गडग्याच्या कडेला पाच वर्षांपूर्वी बुटक्या हेलिकोनियाची रांग लावली. आता मधोमध नुसते सुके खुंट आहेत, फुले कडेलाच येतात. ठोंब काढून पुन्हा लावावेत का? (म्हापसा)

जरूर, आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत. ऑक्टोबरच्या उन्हात नको. हेलिकोनियाच्या एका दांड्याला एकदाच फुलोरा येतो आणि मग तो दांडा मरतो. नवे कोंब कंदाच्या पुढच्या टोकाला फुटतात, त्यामुळे ठोंब बाहेर सरकत जातो आणि मध्ये जुने, निकामी कंद साचतात. खत घालून ती जागा भरत नाही.

आदल्या संध्याकाळी वाफा भिजवा. ठोंबापासून वीतभर लांब पहार घालून चहूबाजूंनी माती सैल करा आणि अख्खा ठोंब उचला. मधला भाग टाकून द्या. कडेचे दोन-तीन दांडे आणि निदान एक फुगीर डोळा असलेले तुकडे धारदार कोयत्याने वेगळे करा. दांडे 25-30 सेंटीमीटरवर छाटा. हे करायला जीव होत नाही म्हणून बरेच जण पाने तशीच ठेवतात, आणि तिथेच लावणी फसते: तुटलेल्या मुळांना त्या पानांची तहान भागवता येत नाही, मग कंदातला साठा संपतो. कंद 5-7 सेंटीमीटर खोल, 50 सेंटीमीटर अंतरावर, संध्याकाळी लावा. डोळ्याचे तोंड मोकळ्या जागेकडे हवे, गडग्याकडे नव्हे.

लाल-पिवळ्या लोंबत्या फुलांची उंच जात असेल तर मात्र ती जूनसाठी ठेवा. तिला पाणी फार लागते आणि कोरड्या दिवसांत ती रुजायला रखडते.

जूनमध्ये कर्दळीचे कंद फोडून लावले, निम्मे कुजले. राहिलेल्यांचे आता काय करावे? (डिचोली)

दोन गोष्टी एकत्र आल्या असाव्यात: ओला काप आणि तुंबलेले पाणी. कडक चिऱ्याच्या थरात खणलेला खड्डा पाणी धरून ठेवतो, वरची माती कितीही भुसभुशीत असली तरी. तपासायला सोपे आहे. खड्ड्यात एक बादली पाणी ओता. तासाभरात जिरले नाही तर तिथे खड्डा करूच नका, 15-20 सेंटीमीटर उंचीचा वाफा बांधा.

उरलेले कंद आता उपसा. मऊ पडलेला, दुर्गंधी येणारा भाग पांढरा, टणक गर दिसेपर्यंत कापून काढा. प्रत्येक तुकड्याला दोन-तीन डोळे ठेवा. एका लिटर पाण्यात 3 ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड मिसळून त्यात तुकडे 20 मिनिटे बुडवा, आणि सावलीत एक दिवस काप सुकू द्या. मग 5 सेंटीमीटर खोल लावा. कुजलेल्या जागी निदान एक पावसाळा कंदाचे काही लावू नका.

पानांवर पिवळ्या रेघा किंवा ठिपक्यांची नक्षी असेल तर तो बहुधा विषाणू. असे झाड फोडून वाढवू नका, मुळासकट जाळा. तो रोग कंदाबरोबरच पुढे जातो. कोयताही धुऊन मगच दुसऱ्या ठोंबाला लावा.

कॅलेडियम आणि शोभेची हळद पिवळी पडू लागली. हीच वेळ का फोडायची? (फोंडा)

नाही. ती झोपी जाताहेत. पाणी कमी करत बंद करा, पाने आपोआप वाळू द्या, हिरवी कापू नका. वाळल्यावर कंद काढून कोरड्या वाळूत सावलीला ठेवा आणि मे अखेरीस फोडा. सोनटक्क्याचा हिशेब वेगळा, पाणी मिळाले तर तो हिरवा राहतो. पण त्याचीही फोड पावसाच्या तोंडावरच बरी.

स्पायडर लिली दाटली, फुले कमी झाली. आमची विहीर एप्रिलपासून मचूळ होते. चालेल का? (मोरजी)

तुमच्या रेताड, खाऱ्या वाऱ्याच्या जागेला याहून चांगले झाड मिळणे अवघड. ठोंब उचलून माती झटका आणि गड्डे हाताने सुटे करा, सुरी नको. जाड मांसल मुळे तोडू नका, पाने निम्मी छाटा, गड्ड्याची मान मातीच्या पातळीवर ठेवा. फार खोल गेला की पाने येतात, फुले नाहीत. 30 सेंटीमीटर अंतर पुरे. मोठे गड्डे पावसात फुलतील, लहानांना आणखी एक वर्ष द्या. गड्ड्याला भोके दिसली तर आत अळी आहे, तो बाजूला काढा.

अबोलीची फोड करता येते का? (सांगे)

नाही, तिला कंद नसतो. जुनी अबोली मुळे दुखावली की माना टाकते. पावसात कोवळ्या फांद्यांचे कलम लावा किंवा बी धरा. पिकलेले बोंड ओले झाले की फुटून बी उडते, म्हणून बोंडे कोरडी असतानाच खुडा.

लावल्यावर पाणी किती, आणि आच्छादन कशाचे? (काणकोण)

रेतीत पहिले दोन आठवडे रोज, तांबड्या मातीत एक दिवसाआड. नंतर 5 सेंटीमीटर बोट खुपसून कोरडे लागले तरच. आच्छादनाला नारळाची सोडणे उत्तम, पण आधी दोन दिवस पाण्यात भिजवा आणि पाठ वर करून पसरा. उताणी ठेवली तर त्यांत पाणी साचून डास होतात. कोंबाभोवती चार बोटे जागा मोकळी सोडा, नाहीतर कोंब कुजतो. आच्छादन पूर्ण सुकू दिले तर वाळवी लागते, म्हणून पाणी घालताना ते उचलून खाली बघत जा.