डाउनलोड केलेले प्लगइन रीपरमध्ये का दिसत नाही?

आपण विंडोज संगणकावर सर्ज एक्सटी या सिंथेसायझर प्लगइनची (मुख्य सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामची) झिप फाइल उतरवून घेतली, परंतु रीपर या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरच्या यादीत ते दिसत नाही, असे आपण विचारले आहे. अशा वेळी दोष बहुधा प्लगइनमध्ये नसतो, जागेत असतो. झिप उलगडून व्हीएसटी३ प्रकारचे प्लगइन सी ड्राइव्हमधील प्रोग्राम फाइल्स, त्यातील कॉमन फाइल्स आणि त्यातील व्हीएसटी३ या फोल्डरमध्ये ठेवावे, आणि मग रीपरच्या प्रेफरन्सेसमध्ये प्लगइन्सखालील व्हीएसटी या पानावर जाऊन री-स्कॅन, म्हणजे प्लगइनचा पुन्हा शोध, करावे. हे शेवटचे काम राहून गेल्यामुळे माझी एक अख्खी संध्याकाळ वाया गेली होती.

नवीन प्लगइन नेहमी निर्मात्याच्याच संकेतस्थळावरून घ्यावे. क्रॅक केलेल्या प्रतींतून व्हायरस येऊ शकतो, आणि चांगली मोफत साधने उपलब्ध असताना तो धोका पत्करण्याचे कारणच उरत नाही. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या खोलीत हलगी ध्वनिमुद्रित केल्यावर मी व्हलहल्ला सुपरमॅसिव्ह हे मोफत रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारे प्लगइन) वेगळ्या ट्रॅकवर लावतो, त्याचा मिक्स १०० टक्के ठेवतो, म्हणजे त्या ट्रॅकवर फक्त घुमारा राहतो, आणि हलगीचा आवाज तेथे सेंडने (एका ट्रॅकचा आवाज दुसऱ्यावर पाठवण्याच्या सोयीने) थोडाच पाठवतो, म्हणजे काडीचा कडक ठोका मूळ ट्रॅकवर जसाच्या तसा राहतो.