छर्र्याची बंदूक घेतली ते ठीक, पण स्प्रिंग कायले बदलली भाऊ?

घाटंजी तालुक्यातल्या एका शेतकरी भावाचा प्रश्न आलाय, नाव-गाव देत नाही. सहा एकर वावर, हरभरा अन् तूर, टिपेश्वर अभयारण्याची हद्द घरापासून सात-आठ किलोमीटर. रोही (नीलगाय) आणि डुकरं रात्रीतून उभं पीक लोळवून जातात म्हणून दिवाळीनंतर त्यांनी ओळखीतल्या एकाकडून जुनी एअर रायफल साडेचार हजारात घेतली, ४.५ एमएमची, नळी खाली मोडून कॉक करायची ती. बिल नाही, चिठ्ठी नाही. छर्रा दमदार जात नव्हता म्हणून तालुक्याच्या लेथवाल्याकडे नेली, त्याने आतली स्प्रिंग काढून जाड स्प्रिंग टाकली, मागून दोन वॉशर दिले आणि सांगितलं नसताना ट्रिगरचा खटका पण घासून हलका करून दिला. मग कोणीतरी म्हटलं की ५.५ ची नळी टाक, डुक्कर पळून जाईल, तर १८०० रुपयात ती नळी पण आणून ठेवली, ती अजून बसवली नाही. आवाज कमी करायची नळी करून मागायचा पण विचार होता. आता पोलीस पाटील म्हणतात जमा करा नाहीतर केस होईल, आणि चुलतभाऊ म्हणतो एअरगनला लायसनच लागत नाही, फुकट घाबरू नको. शेवटी विचारलंय, "साहेब खरं कोणाचं, आणि ज्याच्याकडून घेतली त्यालाच गुपचूप परत देऊन टाकली तर चालेल का?"

भाऊ, चुलतभाऊ अर्धा खरा आहे आणि तो अर्धाच तुम्हाला गोत्यात आणणार आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो, शांत डोक्याने वाचा.

शस्त्र कायदा १९५९ चा आहे. त्यात बंदुकीची व्याख्या कलम २ मध्ये दिलीय आणि ती फक्त बारूदवाल्या बंदुकीची नाही, स्फोटकाने नाहीतर दुसऱ्या कुठल्याही ऊर्जेने गोळी फेकणारं हत्यार म्हणजे बंदूक. म्हणजे स्प्रिंगने हवा दाबून छर्रा फेकणारी तुमची रायफल पण कायद्याने बंदूकच आहे, गावात आपण तिला छर्र्याची म्हणा की खेळण्यातली म्हणा. फक्त सरकारने शस्त्र नियम २०१६ मध्ये दोन आकडे ठरवून दिलेत आणि त्या दोन आकड्यांच्या आत असलेल्या एअरगनला परवाना लागत नाही. पहिला आकडा नळीचा, ०.१७७ इंच म्हणजे ४.५ एमएम, त्याच्यावर नको. दुसरा आकडा छर्रा नळीतून बाहेर पडताना त्याच्यात असलेल्या ताकदीचा, २० ज्यूल, त्याच्यावर नको. दोन्हीतला एक जरी ओलांडला तरी परवाना पाहिजे. चुलतभावाला हे अर्धंच माहीत आहे, त्याला वाटतं एअरगन म्हटली की सूट. सूट एअरगनला नाही, त्या दोन आकड्यांना आहे.

म्हणून तुम्ही घेतली तेव्हा, कंपनीतून आली तशी ४.५ ची असेल तर शस्त्र कायद्यापुरतं तुमचं काही चुकलं नव्हतं. बिल घ्यायला पाहिजे होतं, विकणाऱ्याच्या सहीची एक साधी पावती आणि त्याच्या आधारची झेरॉक्स तरी, कारण उद्या पोलिसांनी विचारलं हे आलं कुठून तर तुमच्याकडे दाखवायला काहीच नाही. ती पावती अजून पण लिहून घेता येईल, पण तारीख खरी टाका, मागची टाकू नका, हे मी हात जोडून सांगतो, खोट्या तारखेची पावती म्हणजे एका केसच्या दोन केसेस.

आता स्प्रिंगचं. इथे खरी पंचाईत आहे. २० ज्यूल म्हणजे किती ते समजून घ्या, अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला साधारण २८० मीटरच्या वर गेला की झाले २० ज्यूल. तुमची मूळ रायफल त्याच्या खाली होती असं धरू. लेथवाल्याने टाकलेल्या स्प्रिंगनंतर ती कितीवर गेली हे ना तुम्हाला माहीत ना त्याला माहीत, कारण दोघांनी पण वेग मोजला नाही, पत्र्याचा डबा ठेवून छर्रा आरपार गेला एवढंच पाहिलं. कोर्टात डबा चालत नाही. जप्त झालेली रायफल फॉरेन्सिकला जाते, तिथे जो आकडा निघेल तो निघेल, आणि तोपर्यंत तुम्ही वकिलाचे पैसे भरत बसाल.

आणखी एक, हे वकील म्हणून नाही, कॉलेजात असताना अशी रायफल वापरलेला माणूस म्हणून सांगतो. जाड स्प्रिंग टाकली म्हणजे छर्रा जोरातच जातो असं नाही, पिस्टन पुढे जाऊन जास्त आपटतो, त्याच्या तोंडाचा सील फाटतो, रायफल झटका मारते आणि निशाणा बिघडतो. मग माणूस त्यात तेल सोडतो. दाबलेल्या हवेच्या गरमीने ते तेल आत पेट घेतं, फट्कन मोठा आवाज, नळीतून निळसर धूर, जळक्या तेलाचा वास, आणि त्या एका छर्र्याचा वेग एकदम वर. नेमका तोच छर्रा २० ज्यूलच्या वर जाऊ शकतो. तुम्ही लिहिलंय की "दोनदा धूर निघाला", म्हणून हे लिहावं लागलं. त्यात तेल सोडणं आजच बंद करा.

ट्रिगरचं तर मला कायद्यापेक्षा जास्त भ्या वाटतं. त्या रायफलीची नळी मोडून खाली धरलेली असते तेव्हा स्प्रिंग पूर्ण दाबलेली असते, खटका घासलेला असेल तर तो मधेच सुटतो आणि नळी चाकूसारखी मिटून वर येते. छर्रा भरायला तिथेच बोटं असतात. तुमचा सोळा वर्षांचा भाऊ पण ती चालवतो असं तुम्ही लिहिलंय, त्याच्या हातात ती अजिबात देऊ नका. दुसऱ्या कोणाला लागलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ आहे, जीव गेला तर १०६, तिथे "लेथवाल्याने केलं" हे उत्तर चालत नाही, चालवणारा जबाबदार.

आता कायद्याचं सगळ्यात जड कलम. २०१९ च्या डिसेंबरात शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली. त्याच्या आधी कलम ६ मध्ये नळी कापून आखूड करणं आणि नकली बंदुकीची असली करणं एवढंच होतं, आता एका वर्गातली बंदूक दुसऱ्या वर्गात बदलणं पण आलं. तुमची सूट असलेल्या वर्गातली रायफल, तिला ५.५ ची नळी बसली की ती त्या मिनिटाला परवान्याच्या वर्गात गेली, छर्रा किती हळू का जाईना. अशा बदलाची शिक्षा कलम २५(१) खाली, कमीत कमी सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप. परवाना पाहिजे ती बंदूक बिनपरवाना नुसती जवळ ठेवणं वेगळं, त्याला दोन ते पाच वर्षं. फरक पाहा भाऊ, जवळ ठेवण्यापेक्षा बदलणं किती महाग आहे. आणि बंदूक परवान्यातली ठरली तर तिची दुरुस्ती आणि बदल करणाऱ्याला पण लायसन लागतं, तुमच्या लेथवाल्याकडे ते नसणार, तो पण यात तुमच्यासोबत येईल. त्या बिचाऱ्याला तर वाटलं आपण पंपाची स्प्रिंग बदलतो तशी बदलली.

नळी अजून बसवली नाही म्हणून काही नाही, असं धरू नका. बंदुकीच्या व्याख्येत तिचे सुटे भाग पण येतात. ५.५ ची सुटी नळी तुमच्या घरात आणि ती बसेल अशी रायफल पण तुमच्याच घरात, तर पोलीस दोन्ही जोडूनच पाहतील. आणि आवाज कमी करायची नळी म्हणता, म्हणजे सायलेन्सर, ती तर स्वतःच त्या व्याख्येत बंदूक म्हणून लिहिलेली आहे. तो विचार सोडा, केला नाही तेच बरं झालं.

नुसती सील फाटली म्हणून कंपनीचीच सील टाकली, गंजलेली स्प्रिंग काढून त्याच मापाची कंपनीचीच टाकली, त्याने रायफलीचा वर्ग बदलत नाही, तेवढ्यावर गुन्हा होत नाही असं माझं मत आहे. घासण्या-वाढवण्याला माझा विरोध आहे.

आता जंगलाचं, कारण तुम्ही टिपेश्वरच्या जवळ आहात आणि हे बहुतेकांना माहीतच नसतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चं कलम ३४ म्हणतं की अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणारा माणूस, ज्याच्याकडे परवान्याचं हत्यार आहे किंवा परवान्यातून सूट मिळालेलं हत्यार आहे, त्याने वन्यजीव विभागाकडे नाव नोंदवायचं असतं. सूट मिळालेलं पण. म्हणजे तुमची जशीच्या तशी ४.५ ची रायफल असती तरी अर्ज करायचाच होता. त्याच कलमात असं पण आहे की दहा किलोमीटरच्या आत नवीन बंदूक परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकाची आधी संमती पाहिजे, म्हणून "मग ५.५ चं लायसनच काढतो" हा रस्ता पण तुमच्यासाठी सोपा नाही. आणि अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय हत्यार घेऊन पाय ठेवायचा नाही, कलम ३१. हद्दीवरच्या वावरात जागलीला जाताना शॉर्टकट म्हणून आतून जाणारे असतात, त्यांना हे सांगा.

रोही आणि रानडुक्कर दोन्ही २०२२ च्या दुरुस्तीनंतर याच वन्यजीव कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहेत, शिकार बंद. मोर पहिल्या अनुसूचीत. शिकार म्हणजे मारणंच नाही, जखमी करणं आणि तसा प्रयत्न करणं पण त्यात आलं. दुसऱ्या अनुसूचीतल्या जनावराला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पहिल्या अनुसूचीतल्याला किंवा अभयारण्यात केलं तर तीन ते सात वर्षं, आणि ज्या मोटारसायकलवर तुम्ही बंदूक घेऊन गेले ती जप्त झाली तर सरकारजमा. छर्र्याने डुक्कर मरत नाही हो, पेटतं. जखमी डुक्कर अंधारात पऱ्हाटीत बसलेलं असतं आणि सकाळी निंदायला आलेल्या बाईच्या अंगावर येतं, हे तुमच्या भागात मी सांगायची गरज नाही.

तर करायचं काय. ज्याच्याकडून घेतली त्याला परत देऊ नका, आजच्या स्थितीत देणं म्हणजे बदललेली बंदूक हस्तांतर करणं, तुमची एक अडचण दोघांची होईल. विहिरीत टाकू नका, कापून भंगारात देऊ नका, लेथवाल्यासोबतचे व्हॉट्सअॅप मेसेज डिलीट करू नका, पुरावा नाहीसा करण्याचं न्याय संहितेत वेगळं कलम आहे, २३८. शस्त्र कायद्याच्या कलम २१ मध्ये तुमच्यासारख्यांसाठी दार ठेवलेलं आहे. एखादं हत्यार बाळगणं आधी कायदेशीर होतं आणि कुठल्याही कारणाने आता राहिलं नाही तर ते विनाकारण उशीर न करता जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं. तुमची मूळ रायफल सुटीची होती, बदलानंतर शंका आली म्हणून स्वतःहून जमा करतोय, हीच तुमची बाजू आहे आणि ती चांगली बाजू आहे, पण फक्त तोपर्यंत जोपर्यंत तुम्ही स्वतः जाता. कोणी घरी येऊन काढली की ती बाजू गेली.

मी म्हणतो ठाण्यात एकटे जाऊ नका. यवतमाळला किंवा पांढरकवड्याला फौजदारी करणारा वकील धरा, अर्ज दोन प्रतीत करा, त्यात रायफल कधी घेतली, कोणाकडून, काय बदल केला ते खरं लिहा, जुनी काढलेली स्प्रिंग असेल तर ती आणि ५.५ ची नळी दोन्ही सोबत जमा करा, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय ठाण्याची पायरी उतरू नका. शस्त्रविक्रेत्याकडे जमा केली तर त्याच्याकडून पण लेखी पोच, आणि त्याला म्हणा वेग मोजून आकडा लिहून दे. अर्जाचा मसुदा आधी वकिलाला वाचू द्या, कारण तेच कागद उद्या तुमच्या बाजूने किंवा विरुद्ध वाचले जातील. गुन्हा दाखल होईल अशी भीती वाटली तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४८२ खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज सेशन कोर्टात लावता येतो, तो कागद पण वकील तयार ठेवील. नुसतं बिनपरवाना बाळगल्याची केस चालवायला जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी आधी लागते, शस्त्र कायद्याचं कलम ३९, पण बदल केल्याच्या कलमाला तो आधार नाही, म्हणून त्याच्या भरवशावर बसू नका.

पोलीस पाटलांवर राग धरू नका. त्यांनी तोंडी सांगितलं, रिपोर्ट पाठवला नाही, याचा अर्थ ते तुम्हाला वेळ देतायत. आजच त्यांना भेटून सांगा की या हप्त्यात जमा करतो.

आणि पिकाचं नुकसान झालं की तीन दिवसांच्या आत वनविभागाकडे अर्ज टाका, पंचनामा होईपर्यंत लोळलेला हरभरा तसाच ठेवा, मोबाइलमध्ये फोटो काढा, खुरांचे ठसे आले पाहिजेत त्यात. जनावरांचा फारच त्रास असेल तर वन्यजीव कायद्याच्या कलम ११(१)(ब) खाली त्यांना मारण्याच्या परवानगीचा अर्ज करता येतो, तो वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या ऑफिसात द्या, पण तिथे पण परवान्याची बंदूक असलेलाच माणूस लागतो, तुमची रायफल त्यात कुठेच बसत नाही. जागलीला टॉर्च, फटाके, डबे, आणि एकटे नाही, दोघं मिळून जा, त्या पट्ट्यात वाघ वावरातून जातो.

अर्जाचा मसुदा वकिलाला देण्याआधी एक गोष्ट घरी तपासून ठेवा, जुनी काढलेली स्प्रिंग लेथवाल्याकडेच पडली आहे का. असेल तर आजच मागून घ्या, त्याने भंगारात टाकायच्या आधी.