बाईकच्या इंजिन ऑइलमध्ये मॉलीची बाटली टाकावी का? ग्राफाइट, मॉली आणि टेफ्लॉनपैकी चांगलं कोणतं?

तुमची १५० सीसी बाईक ४० हजार किलोमीटर चालली आहे आणि दुकानदार ऑइलसोबत मॉलीची (मॉलिब्डेनम डायसल्फाइड या घर्षण कमी करणाऱ्या पावडरीची) बाटली घ्याच म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. माझं ऐकाल तर घेऊ नका.

बाईकमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच तिन्ही एकाच तेलात असतात. क्लच प्लेटा तेलात भिजलेल्या असूनही एकमेकींना घट्ट धरतात, त्या घर्षणाच्या जोरावरच. म्हणून बाईकच्या ऑइलच्या डब्यावर जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं असतं, म्हणजे हे तेल प्लेटांची पकड सोडवणार नाही. त्यात वरून घर्षण कमी करणारं काही ओतलं की ती पकडच ढिली होऊ शकते. मी एकदा अशी बाटली टाकली होती. रत्नागिरीहून परत येताना आंबा घाटात तिसऱ्या गिअरला रेस वाढत गेली, इंजिन ओरडत राहिलं आणि गाडी मात्र पुढे सरकेना. मागे बायको बसलेली, वर पाऊस. नंतर दोनदा ऑइल बदललं, तरी शेवटी क्लच प्लेटा नव्या घालाव्याच लागल्या. गिअरवाल्या बाईकमध्ये अशी बाटली टाकायला माझा विरोध आहे तो यासाठी. स्कूटरचा क्लच कोरडा असल्याने तिथे ही भीती नाही, पण तिथेही गरज नाही.

गरज नाही, कारण जे हवं ते तेलात आधीच घातलेलं असतं. क्रँकच्या बेअरिंगमध्ये इंजिन चालू असताना तेलाचा थर धातूला धातू लागूच देत नाही. खरी घासाघीस कॅमजवळ (व्हॉल्व्ह उघडणारा भाग) आणि पिस्टन वर-खाली जाऊन थांबतो तिथे. त्या जागांसाठी तेलात झेडडीडीपी नावाचं जस्त, फॉस्फरस आणि गंधक असलेलं द्रव्य असतं. घासल्याची उष्णता आणि दाब मिळाला की ते धातूवर काचेसारखा थर धरतं, जाडी साधारण १०० नॅनोमीटर. धातूऐवजी तो थर झिजतो आणि पुन्हा तयार होतो. हे प्रमाण कंपनीने मोजून ठरवलेलं असतं. जास्त घालावं तर फॉस्फरस सायलेन्सरमधल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला खराब करतो. टेफ्लॉनच्या बाटल्यांबद्दल एवढंच सांगतो, की अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९० च्या दशकात त्यांच्या जाहिरातींमधल्या दाव्यांवर कारवाई केली होती.

मग ग्राफाइट, मॉली, टेफ्लॉन ही घन वंगणं कशासाठी? जिथे तेल टिकतच नाही तिथे. मी कोल्हापूरजवळ एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. आमच्याकडे पावडर कोटिंगच्या भट्टीतून कन्व्हेयरची चेन फिरते, आत १८० ते २०० अंश. साधं तेल घातलं की काही दिवसांत त्याचं डांबर व्हायचं. चेनचे सांधे आखडायचे, वळणावर चेन धक्के देत जायची आणि लटकवलेले जॉब (रंगवायचे भाग) झुलून एकमेकांवर आपटायचे. आता सिंथेटिक तेलात कालवलेलं ग्राफाइट सोडतो. तेल उडून जातं आणि ग्राफाइट सांध्यांतल्या पिन-बुशमध्ये उरतं. परवा एक पिन काढली, तर तिच्यावर शिसपेन्सिलीने रंगवल्यासारखी काळी चकाकी होती आणि बोट अलगद घसरत होतं.

हे घसरणं कळायला कॅरम आठवा. आपण टाकतो ती बोरिक पावडर थराथरांची असते, थर एकमेकांवरून सहज सरकतात आणि सोंगटी पळते. ग्राफाइट आणि मॉली यांची रचना अशीच, पण स्वभाव उलटे. ग्राफाइटला हवेतली वाफ लागते. दुसऱ्या महायुद्धात विमानं खूप उंचावर जायला लागली तेव्हा तिथल्या कोरड्या, विरळ हवेत जनरेटरमधले ग्राफाइट असलेले कार्बन ब्रश भराभर झिजून भुगा व्हायचे, ते यामुळेच. मॉलीला दमट हवा मानवत नाही. निर्वात जागेत ती उत्तम चालते, म्हणून अंतराळयानात वापरतात. हवेत मात्र साधारण ३५० अंशांच्या पुढे ती जळायला लागते, ग्राफाइट त्याहून शंभरेक अंश जास्त सोसतं. टेफ्लॉन सर्वांत गुळगुळीत, पण २६० अंशांपर्यंतच, आणि नुसतं वापरलं तर लवकर झिजतं. म्हणून त्याच्या बुशमध्ये ब्राँझ किंवा काचेचे तंतू मिसळतात.

तेव्हा चांगलं कोणतं हे जागेवर ठरतं. जेसीबीच्या बकेटची पिन हळू फिरते आणि भार प्रचंड घेते, तिथे ३ ते ५ टक्के मॉली असलेलं ग्रीस द्या. वेगाने फिरणाऱ्या मोटरच्या बेअरिंगला तेच देऊ नका, रोलर फिरायचा सोडून घसरतो.

तुमच्या बाईकला घन वंगण द्यायचंच असेल तर कुलपात द्या. किल्लीवर शिसपेन्सिल घासा आणि आत-बाहेर करा. तेल घातलं तर धूळ चिकटून कुलूप आणखी जाम होतं. इंजिनसाठी मॅन्युअलमधल्या ग्रेडचं, एमए२ लिहिलेलं ऑइल वेळेवर बदला आणि पातळी महिन्यातून एकदा गाडी मधल्या स्टँडवर उभी करून बघा. इंजिनचा आवाज वाढलाय म्हणून बाटली घ्यायची होती का? तसं असेल तर आधी टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हजवळची फट) तपासून घ्या. आवाज गार इंजिनला जास्त येतो की गरम झाल्यावर, तेही कळवा.